अधुऱ्या लेण्यातलं ऊन

रत्नमाला ओढणीची घडी करून उशाला घेते आणि दगडावर आडवी होते. बाहेर चैत्राचं ऊन कड्यावर कडकडतंय, खाली वाघूर नदीचं पात्र कोरडंठाक पडलंय, पण लेण्यातली जमीन माठाच्या बुडासारखी गार आहे. झोपायचं नाही, असं ती ठरवते. नुसतं पडायचं, त्या एका वाक्याचा विचार करायचा आणि चारच्या आत खाली जायचं.

आज सोमवार. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, म्हणूनच रेकॉर्डिंगला हा दिवस धरलेला. लेणी बघायला येणाऱ्यांच्या कानात मराठीतून जी माहिती वाजणार होती, तिच्यासाठी आवाज निवडला होता रत्नमाला बावस्करचा. चौदा वर्षं ती इथं गाईड आहे. शिक्षण बारावीपर्यंत, पण कुठल्या लेण्यात कुठल्या खांबामागं कोण बसलंय हे तिला आपल्या घरातल्या फडताळासारखं पाठ. पुण्याहून आलेल्या पाटणकर सरांनी मजकूर लिहिला होता. सकाळपासून ती वाचत होती आणि सर मान डोलावत होते. मग या अधुऱ्या लेण्याचं पान आलं आणि तिची जीभ अडली.

वाक्य साधं होतं. ‘सम्राट हरिषेणाच्या मृत्यूनंतर वाकाटकांचे साम्राज्य कोसळले आणि कारागीर काम अर्धवट टाकून निघून गेले.’

तीनदा वाचलं, तीनदा अडली. पाटणकर सर चिडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी विचारलं, “बाई, शब्द जड जातोय की वाक्य खटकतंय?”

“खटकतंय, सर. काय खटकतंय ते सांगता येत नाही.”

“मग चारपर्यंत वेळ घ्या. तुमचं वाक्य सापडलं तर तुमचं घेऊ. पण ते टिकलं पाहिजे. पुढची वीस वर्षं शाळेची पोरं तेच ऐकणार आहेत.”

पाटणकर सरांची पुस्तकं आहेत. आपण कोण, सम्राटाचं वाक्य बदलणार? पहारेकरी गफ्फार तडवी ओळखीचा, त्यानं आत पडू दिलं. सव्वातीनला हाक मारतो म्हणाला. पहाटे चारपासून ती जागी आहे. डोळ्यांवर हात ठेवते. हाताच्या आड आधी लाल दिसतं, मग काळं, मग दगडाचाच रंग. लांबून टुक टुक असा आवाज येतो. तंत्रज्ञ काहीतरी ठोकत असेल, असं तिला वाटतं. आवाज जवळ येतो. एकाचे दोन होतात, दोनाचे चार.

ती हात बाजूला करते, तर दारात नाना, तिचे वडील, बसलेले आहेत.

उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर, अशी त्यांची नेहमीची बैठक. मांडीवर मोठा आरसा आडवा घेतलाय, सागाच्या जाड चौकटीचा, आणि धोतराच्या सोग्यानं ते काच पुसतायत. आधी तोंडाची वाफ, मग सोगा. नानांना जाऊन आठ वर्षं झाली हे तिला माहीत आहे. दहाव्याला ती स्वतः नदीवर होती. पण इथं तो विषय कुणी काढत नाही, म्हणून तीही काढत नाही.

“झोपलीस?”

“नाही नाना. नुसती पडले.”

“मग ऊठ. ऊन सरकतंय.”

तुळशीराम बावस्करांना सगळे आरसेवाला म्हणायचे. लेण्यांत दिवे नव्हते, किंवा होते ते पुरत नव्हते, तेव्हा बाहेर उन्हात उभं राहून आरशानं उजेड आत टाकायचा हे त्यांचं काम. आत त्यांचा साथीदार पांढऱ्या कापडाची चौकट धरून उभा राही. उजेड आरशातून कापडावर, कापडावरून भिंतीवर, आणि मग हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा एखादा चेहरा अंधारातून हळूच वर यायचा. पाहुणे आत ‘आहा’ म्हणायचे. नाना बाहेर. चित्रं बघणाऱ्यांकडे त्यांची सदा पाठ असायची, तोंड सूर्याकडं.

ती उठते आणि त्यांच्या मागं चालू लागते. लेण्याची मागची भिंत वीस पावलांवर हवी. वीस पावलं होतात, तीस होतात, भिंत येत नाही. त्याऐवजी माणसं येतात. एकावर एक बांधलेल्या लाकडी माच्यांवर, खांबांच्या बगलेला, छताखाली उताणी पडून, माणसंच माणसं. हातात छिन्नी-हातोडे, अंगावर दगडाची पूड, पापण्यासुद्धा पांढऱ्या. ठोक्यांचा आवाज इतका दाट की पाऊस लागल्यासारखा वाटतो. एक बाई डोक्यावर खडीची पाटी घेऊन रत्नमालाच्या अंगाला घासून जाते आणि ‘सरक गं’ म्हणते. त्या धक्क्यानं खांदा खरोखर दुखतो.

“केवढी माणसं, नाना.”

“सगळी नाहीत ही. घोड्याच्या नालेसारखा हा डोंगर, त्यात असं एकेका लेण्यात चाललंय. बघून घे.” नाना असं म्हणतात, जणू घरचं लग्न आहे आणि मांडव त्यांनी घातलाय.

ती गाईडच्या सवयीनं विचारते, “कुणी केलं हे सगळं?”

“राजानं.”

ती थांबते. नाना असं म्हणतील असं तिला वाटलं नव्हतं. “तुम्हीच म्हणायचात ना, पाट्यांवर राजांची नावं लिहितात, घडवणाऱ्याचं कुणी लिहीत नाही म्हणून?”

“म्हणायचो. तेही खरंय.” नाना आरसा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतात. “पण रतन, हे हात आधी नव्हते का? हा डोंगर आधी नव्हता? चारशे-पाचशे वर्षं इथं नवं लेणं खोदलं नाही म्हणतात. मग एकदम याच माणसाच्या काळात डोंगर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा का व्हावा?”

“अभ्यासक म्हणतात व्यापार वाढला होता.”

“वाढला कशानं? त्यानं वाट राखली म्हणून. घाटातून बैलांचा तांडा निघाला तर तो पलीकडं पोचणार, एवढी त्या माणसाच्या नावाची जरब. पोटाला निर्धास्ती आली की माणूस वर बघतो.” ते एका खांबाला हात लावतात. “आणि दुसरी गोष्ट ऐक. त्याच्या मंत्र्यानं एक लेणं खोदायला घेतलं. ते पाहून इकडच्या मांडलिक राजाला वाटलं, आपण काय कमी? त्यानं शेजारी घेतलं. मग तिसरा आला, चौथा आला. ही सगळी एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं होती. एकमेकांची डोकी फोडणाऱ्यांना त्यानं डोंगर फोडायला लावलं. याला राजा म्हणतात.”

मंत्र्याचा लेख तिनं शेकडो वेळा पाहुण्यांना दाखवलाय. बाहेरच्या भिंतीवर कोरलेला, झिजलेला. पण चढाओढीचं हे असं तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिला हसू येतं. नानाही हसतात. त्यांचा पुढचा तुटका दात होता तसाच आहे.

ते खांबाला वळसा घालतात आणि पलीकडं तिच्या वाडीतली शाळा आहे.

चौथीचा वर्ग. शेणानं सारवलेली जमीन, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, खिडकीला एक गज कमी. बाकांवर मोठी माणसं बसलीयत, मिशावाली, कानात भिकबाळ्या, कमरेला तलवारी. गुडघे बाकात मावत नाहीत म्हणून तिरकी बसलीयत. समोर गुरुजींची खुर्ची आहे आणि ती रिकामी आहे. तिच्यावर मोरपंखी रंगाचं वस्त्र टाकलंय.

“हे कुठं आलो?”

“वत्सगुल्म. आपलं वाशीम,” नाना दबक्या आवाजात सांगतात. “त्याची राजधानी.”

“सम्राट कुठंयत?”

“सकाळीच गेले.”

कुठं, असं ती विचारणार असते. मग खुर्चीकडं बघून तिला कळतं. वर्गात कुणी रडत नाही. बसलेली माणसं एकमेकांकडं बघत नाहीत, सगळी त्या खुर्चीकडं बघतायत, आणि त्यांनी वहाणा काढलेल्या नाहीत. निघायच्या तयारीत असलेला माणूस जसा वहाणा घालूनच बसतो, तशी.

एक म्हातारा कारकून उभा राहतो. त्याच्या हातात हजेरीचा पट आहे. पटावरची नावं तिला पाठ आहेत, मंत्र्याच्या लेखात सम्राटानं जिंकलेले प्रदेश म्हणून तीच कोरलीयत.

“कुंतल.”

कुणी बोलत नाही. पुढचा बाक रिकामा झालेला असतो. माणूस उठताना दिसला नाही, बाक मात्र रिकामा.

“अवंती.”

दाराशी घोडा फुरफुरतो आणि दूर जातो.

“कलिंग. कोसल.”

कारकून वाचायचं थांबत नाही. “त्रिकूट. लाट. आंध्र.” प्रत्येक नावानंतर तो वर बघतो, तेवढा वेळ थांबतो, आणि पुढं जातो. शेवटी वर्गात बाक उरतात, खुर्ची उरते आणि तो उरतो. पट मिटून तो काखेत घालतो आणि खिडकीचा गज नसलेल्या जागेतून बाहेर बघत बसतो.

इतिहासाच्या पुस्तकात ‘कोसळले’ असा एक शब्द असतो. तो असा दिसत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. काहीच कोसळलं नाही. फक्त हजेरीला कुणी उत्तर दिलं नाही.

“एवढं मोठं राज्य,” ती म्हणते, “एका माणसाबरोबर कसं गेलं?”

“एका माणसावर उभं होतं म्हणून.”

“मागं कुणी मुलगा नव्हता?”

“असेल. असून काय उपयोग?” नाना बाकावर टेकतात. आरसा भिंतीला उभा करतात. त्यात नकाशा उलटा दिसतो. “इतका मोठा बाप. सगळ्या दोऱ्या त्याच्याच मुठीत. कुणाला कधी ओढायचं, कुणाला सैल सोडायचं, ते त्याला एकट्याला ठाऊक. पोरानं कधी हात पुढं केला असेल तर म्हणाला असेल, थांब, तुला जमायचं नाही. मोठ्या माणसांचं असंच होतं, रतन. ती करतात तेवढं दुसऱ्याला जमत नाही, म्हणून ती दुसऱ्याला करू देत नाहीत. आणि मग मरतात.”

खिडकीतून येणारा उजेड त्यांच्या धोतरावरून जमिनीवर उतरतो.

“मी काय सम्राट नव्हतो,” ते म्हणतात. “पण केलं तेच.”

ती अकरा वर्षांची होती. एका मे महिन्यात नानांचा साथीदार तापानं पडला होता, आणि तिनं म्हटलं होतं, नाना, मी येते, मला आरसा धरायला शिकवा. नाना म्हणाले होते, हे पोरींचं काम नाही, ऊन बाधेल, घरी जा. ती घरी गेली होती. पुढं लेण्यांत चांगले दिवे आले, आरसा गोठ्याच्या भिंतीला लागला, एका वादळात तडकला आणि संपला. नाना म्हाताऱ्या पाहुण्यांना वर नेणारी डोली उचलायला लागले. कुणालाच ते काम शिकवलेलं नव्हतं. आज अख्ख्या वाडीत आरशानं उजेड कसा टाकतात हे सांगणारा माणूस नाही. ती पाहुण्यांना सांगते, ते ऐकीव सांगते.

“तुम्हाला वाटलं ऊन बाधेल,” ती म्हणते.

“नाही गं. मला वाटलं माझ्यासारखं कुणाला जमायचं नाही.” ते तिच्याकडं बघून सांगतात, मान खाली न घालता. “तू गाईड झालीस ती स्वतःच्या जिवावर. मी काही दिलं नाही. पहिल्या दिवशी तू पाहुण्यांना घेऊन वर आलीस, तेव्हा मी डोलीच्या दांड्याखाली होतो. तू बोलत होतीस आणि माणसं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. डोलीत बसलेल्या म्हाताऱ्याला मी म्हणालो, ती माझी लेक आहे.”

“मला कधी सांगितलं नाहीत.”

“त्या म्हाताऱ्याला चारदा सांगितलं. शेवटी तो म्हणाला, अहो, समोर बघून चाला.”

शाळेची जमीन हादरू लागते. बाकांची रांग आता एसटीची रांग झालीय. फर्दापूर फाट्यावर गाडी उभी आहे, इंजिन चालू, आणि आत दगडाच्या पुडीनं पांढरी झालेली माणसं बसलीयत. मांडीवर गाठोडी. गाठोड्यांतून छिन्न्यांची टोकं डोकावतायत. काहींच्या मांडीवर लेकरं झोपलीयत. राजा गेला, वाटा बंद व्हायला लागल्या, कोण कुणावर चालून येईल याचा नेम नाही. थांबण्यासारखं काही राहिलेलं नाही हे सगळ्यांना दिसतंय. कुणी तक्रार करत नाही. गाडी दक्षिणेकडं जाणार आहे, जिथं कुठं कुणी दगड घडवून घेत असेल तिकडं.

दारातल्या सीटवरचा एक म्हातारा उठतो. हात लांबच लांब, बोटं गाठाळ.

“कुठं निघालात?” कंडक्टर विचारतो.

“एक पाकळी राहिलीय.”

“बाबा, गाडी थांबायची नाही.”

“नका थांबवू.”

“अहो, आता कोण बघणार आहे ती पाकळी? देणारा राहिला नाही, बघणारा राहिला नाही.”

म्हातारा खाली उतरतो. उतरताना म्हणतो, “मी बघितलीय ना.” बाकीचे त्याला थांबवत नाहीत. एक बाई खिडकीतून त्याच्या हातात भाकरीचं फडकं देते. गाडी निघून जाते आणि फाट्यावर धूळ बसते, आणि ती धूळ बसते तीच मुळी लेण्याच्या पायरीवर.

आता इथं कुणी नाही. माच्या उतरवून नेल्यात. आत अंधार आहे, आणि अंधारात तो म्हातारा एका खांबाशी उकिडवा बसून चाचपडतोय. बोटांनी फूल शोधतोय. फुलाला सात पाकळ्या झाल्यात, आठवी दगडातच आहे. खालचा खांब अजून नुसता चौकोनी ठोकळा, त्याला कुणी हात लावलेला नाही. तो छिन्नी लावतो, पुन्हा काढतो. दिसत नाही त्याला.

नाना आरसा उचलतात आणि तिच्यापुढं धरतात.

“धर.”

“मी?”

“इथं दुसरं कोण आहे? मी आत कापड धरतो.”

आरसा तिला वाटला होता त्याच्या दुप्पट जड निघतो. चौकटीची कड दोन्ही तळव्यांत रुतते. ती ओट्याच्या टोकाला उन्हात जाते. सूर्य डोळ्यांत घुसतो. उजेडाचा तुकडा आरशातून उडून वर कड्यावर जातो, मग नदीत पडतो, मग कुठंच दिसत नाही.

“कोपरं बरगडीला लाव,” आतून नानांचा आवाज येतो. “हातानं धरू नकोस, अंगानं धर. पाय जरा फाकव. आता सूर्याकडं बघू नकोस, तो आहे तिथं आहे. उंबऱ्याकडं बघ. उजेड आधी उंबऱ्यावर आण.”

ती आणते. उंबऱ्यावर पिवळा चौकोन थरथरतो.

“आता केसभर वर. केसभर म्हटलं. हं. आत येऊ दे. घाई नको, उजेडाला पायरी दिसली पाहिजे.”

चौकोन आत सरकतो. खोदलेल्या जमिनीवरच्या चरांवरून उड्या मारत जातो, पांढऱ्या कापडावर चढतो, आणि तिथून दुधासारखा पसरून खांबावर उतरतो. फूल दिसू लागतं. म्हातारा मागं वळून बघत नाही. उजेड कुठून आला हे विचारत नाही. फक्त हात उजेडात ओढून घेतो आणि ठोका मारतो.

टुक. टुक. टुक.

ऊन चालत असतं. ती थांबली की चौकोन घसरायला लागतो, म्हणून तिला केसाकेसानं फिरत राहावं लागतं. घाम डोळ्यांत जातो. खांदे भरून येतात. तरी अंगात काहीतरी ताठ उभं राहतं, जे आजवर कधी उभं राहिलं नव्हतं. डोंगराची सगळी नाल तिच्यासमोर आहे, एकामागून एक काळी दारं, आणि त्या सगळ्यांत या एकाच दारात उजेड आहे, तो तिच्या हातातून गेलेला.

“नाना, दुखतंय.”

“दुखणारच.”

आठवी पाकळी दगडातून सुटते. म्हातारा तिच्यावर फुंकर मारतो, अंगठा फिरवतो, कड कुठं टोचते का बघतो. मग खालच्या चौकोनी ठोकळ्याला दोन्ही हात लावून थोडा वेळ बसतो. त्याला छिन्नी लावत नाही. हत्यारं पुसून, मोजून, फडक्यात बांधतो आणि बाहेर येतो. उन्हात डोळे मिचकावत तो तिच्यापाशी थांबतो.

“कुणाची गं तू?”

“आरसेवाल्याची.”

तो मान हलवतो. “हात स्थिर आहे.”

आतून कापडाची चौकट हलल्याचा आवाज येतो. नाना खाकरतात. ते खाकरणं तिला ओळखू येतं. छाती भरून आली की ते तसंच खाकरायचे.

म्हातारा पायऱ्या उतरायला लागतो. ती आरसा खाली ठेवायला जाते.

“एवढ्यात सोडू नकोस,” नाना म्हणतात. “तो खाली पोचेपर्यंत त्याला वाट दिसू दे.”

ती उजेडाचा चौकोन फिरवून म्हाताऱ्याच्या पुढ्यात टाकते. एकेक पायरी उजळत जाते. तो उजेडामागून चालतो, नदीत उतरतो, पलीकडच्या काठाला लागतो. तेवढ्या वेळात ती विचारते, “नाना, मी खाली जाऊन काय म्हणू?”

“ते मला विचारू नकोस. मी आयुष्यभर तोंड फिरवून उभा राहिलो. बोलणारी तू आहेस.”

“चुकले तर?”

“तू बघितलंस ना आता? बघितलेलं सांग.”

ती मागं वळून बघते. पण मागं सूर्य आहे, आणि त्यात काहीच दिसत नाही.

“ताई. ओ ताई. सव्वातीन झाले.”

गफ्फार तडवी दारात उभा आहे. रत्नमाला उठून बसते. लेणं वीस पावलांचं आहे, मागची भिंत आहे तिथं आहे. तोंडाला कोरड पडलीय. ती ओढणी उचलायला हात पुढं करते आणि बोटं मिटेनात म्हणून तळवे बघते. दोन्ही तळव्यांवर, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत, एकेक सरळ, खोल, लालभडक वळ आहे. ती झोपली होती ते सपाट दगडावर. हाताखाली काही नव्हतं. ती जमीन चाचपून बघते. कुठंही कड नाही.

“काही चावलं का?” गफ्फार विचारतो.

“नाही. गफ्फारभाऊ, तुमची बॅटरी द्या जरा.”

ती खांबापाशी जाऊन बसते. या खांबासमोरून ती चौदा वर्षं पाहुण्यांना नेत आलीय, ‘हे अपूर्ण’ असं म्हणत. बॅटरी तिरकी धरून ती आज पहिल्यांदा नीट बघते. वरचं फूल आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये छिन्नीचा एकही भरकटलेला घाव नाही. फुलाची शेवटची कड घासून गुळगुळीत केलेली, आणि तिच्याखाली लगेच कच्चा दगड, कुणी हात न लावलेला. ती तिथंच बसून तीन खांब बघते. तिन्हीकडं तेच.

पावणेचारला ती खाली पाटणकर सरांसमोर उभी राहते.

“सर, ‘टाकून’ हा शब्द खटकत होता,” ती म्हणते. “कारागिरांनी काम टाकलेलं नाही. जे हातात घेतलं होतं ते पुरं केलंय, आणि जे घेतलं नव्हतं त्याला हात लावला नाही. खांबावर दिसतं. चला, दाखवते.”

सर तिच्याकडं बघतात, मग चष्मा लावतात. उन्हात पायऱ्या चढून वर येतात, धापा टाकत. गुडघ्यावर बसतात, बोट फिरवतात, तिनं दाखवलेले तिन्ही खांब बघतात आणि न सांगता चौथा शोधून काढतात. चौथ्याला वेळ लावतात. मग उठून विजारीची धूळ झाडतात.

“सगळ्या लेण्यांबद्दल असं म्हणता येणार नाही,” ते म्हणतात.

“नाही, सर. या लेण्याबद्दल म्हणते.”

“या लेण्याबद्दल म्हणा. आणि सम्राटाचं काय?”

“त्यांचं मोठेपण कमी करायचं नाही मला. उलट वाढवायचंय. पण राज्य का गेलं तेही सांगायचंय.”

“सांगा.”

खाली खोलीत तंत्रज्ञ पंखा बंद करतो. दार लावतो. बोटानं खूण करतो. रत्नमालाच्या हातात कागद नाही. ती दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवते, कोपरं बरगडीला लावते आणि बोलते.

“एकमेकांवर चालून जाणाऱ्या माणसांना सम्राट हरिषेणाच्या काळानं या डोंगराकडे वळवलं, म्हणून हे वैभव उभं राहिलं. सगळा भार त्या एका माणसावर होता. तो गेला, तेव्हा तेवढा भार पेलेल असा दुसरा हात तयार नव्हता, आणि राज्य विरून गेलं. या लेण्यातल्या कारागिरांनी हाती घेतलेलं फूल पुरं केलं, हत्यारं बांधली आणि मगच ते डोंगर उतरले. समोरच्या खांबाकडे नीट बघा. जिथं फूल संपतं, तिथं त्यांचा शेवटचा दिवस आहे.”

तंत्रज्ञ बटण दाबतो.

“पुन्हा घ्यायचं का, सर?” तो विचारतो.

“नको,” पाटणकर सर म्हणतात. “झालं.”

संध्याकाळी ती घरी पोचते तेव्हा आई ओसरीवर डाळ निवडत बसलेली असते. रत्नमाला हातपाय धुते आणि आईसमोर बसून आजचं सगळं सांगते, सर पायऱ्या चढून आले ते, एका दमात रेकॉर्डिंग झालं ते. सांगताना हातवारे करते. आई सूप बाजूला ठेवते, तिचा उजवा हात पकडते आणि उलटा करून दिव्याकडं धरते. वळ तसाच आहे, आता थोडा निळसर झालेला. आई अंगठ्यानं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबत जाते. कुठं कसं दाबायचं हे तिच्या अंगठ्याला माहीत आहे. कधीकाळी नानांच्या तळव्यांवर रोज संध्याकाळी केलेलं काम आहे ते.

हा हात झाल्यावर म्हणते, “दुसरा दे.”